एकशे बारा नंबरचा बेस

बेस म्हणणाऱ्या माणसानं एकटं राहू नये, हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. सोप्रानो एकटी राहू शकते. गाण्याची चाल तिच्याकडे असते, ती भांडी घासताना गुणगुणली तरी शेजारीण विचारते, "किती गोड आहे, कोणतं हो?" तिच्या खालोखालच्या आल्टोचंही कसंबसं भागतं. पुरुषांतल्या वरच्या पट्टीचा टेनर तर चौघांत उभा असला तरी एकटाच असल्यासारखा गातो. पण बेस? चार आवाजांच्या गीतात बेस सगळ्यात खाली, म्हणजे पाया, असं सगळे म्हणतात आणि मान डोलावतात. नुसता पाया घेऊन कुणी राहायला जातं का? नुसता पाया म्हणजे खड्डा.

मी, मधुकर रणपिसे, राहतो बदलापूर पूर्वेला आणि अंबरनाथच्या आमच्या चर्चच्या मंडळीत उमेदीची सगळी वर्षं बेस म्हणत आलो. आता आमच्याकडे गायनमंडळ नाही, वर्शिप टीम आहे. गायनमंडळ मधूनमधून बसतं, वर्शिप टीम कधीच बसत नाही, आणि आपल्यालाही बसू देत नाही. गीतांची पुस्तकं कपाटात गेली आणि भिंतीवर पडदा आला. पडद्यावर ओळी येतात. त्या टाइप करणाऱ्याचं मराठी ज्या शाळेत झालं, तिथं मराठी ऐच्छिक असावं. एका रविवारी 'तारण'च्या जागी 'तोरण' आलं आणि अख्ख्या मंडळीनं हात वर करून देवाकडे तोरण मागितलं. मी एकट्यानं तारण मागितलं, पण ड्रमपुढे ते ऐकू गेलं नसावं.

नव्या गाण्यांबद्दल माझं वैर नाही. फक्त एकच ओळ इतक्यांदा म्हणायची गरज काय, एवढंच मला विचारायचं असतं. देवाला एकदा सांगितलेलं कळतं, असं आमच्या पिढीला शिकवलेलं. शिवाय त्या गाण्यांत सगळे चालच म्हणतात. सगळेच वरच्या मजल्यावर. तळमजल्यावर मी एकटा, तेही तोंड मिटून.

हेच मी वर्धापनदिनाच्या मीटिंगमध्ये बोललो. जरा जास्तच बोललो. शेवटी म्हणालो, "या मंडळीत एकशे बारा नंबर चार आवाजांत शेवटचा कधी झाला, ते कुणी सांगावं!"

एकशे बारा नंबर हे आमचं जुनं, संथ गीत. चार कडवी, चार आवाज. माझी बायको रंजना त्यात सोप्रानो म्हणायची आणि मी तिच्या मागच्या रांगेत बेस. लग्नाआधीपासूनची ही बैठकव्यवस्था आहे.

आमचे पाळक राजेशसाहेब तरुण आहेत आणि फार सभ्य. सभ्य माणसाशी भांडणं अवघड. ते म्हणाले, "काका, तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर. वर्धापनदिनाला घेऊ या एकशे बारा. चार आवाज तुम्ही जमवा. जबाबदारी तुमची."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला आजकाल कारण लागत नाही, पण त्या दिवशी मला त्या मानाच्या वाटल्या. आता माघार शक्य नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की मी बेडरूममध्ये भिंतीकडे तोंड करून रियाजाला बसू लागलो. एकशे बाराचा बेस बहुतेक वेळ एकाच स्वरावर उभा असतो. तिसऱ्या ओळीत तो खाली उतरतो, थोडा वेळ खालीच राहतो, मग वर येऊन पुन्हा उभा. बाहेरून बघणाऱ्याला यात काही दिसत नाही. आतून मात्र फार मोठी कामगिरी चाललेली असते.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की टेरेसवरची पाण्याची मोटर विचित्र आवाज करते आहे.

मी सोसायटीच्या कमिटीवर आहे. सेक्रेटरी धर्मेशभाई मला जिन्यात थांबवून म्हणाले, "काका, तुम्ही जरा लक्ष द्या ना. दोपहर को घूं-घूं करता है. माझी मिसेस बोलते, मोटर जलनेवाली है."

मी दोन दुपारी टेरेसवर जाऊन कान देऊन ऐकलं. काहीही नव्हतं. बाकीच्यांना येत होता तो आवाज मला येत नव्हता, म्हणून मला माझ्या कानांची काळजी वाटू लागली. रियाज थांबवून ऐकायला गेलं की आवाज बंद आणि खाली येऊन रियाजाला बसलं की ग्रुपवर 'परत सुरू झाला' असा मेसेज. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. प्रत्येकाला स्वतःचा आवाज गाणंच वाटतो.

वांगणीहून बुधाजी प्लंबरला बोलावलं. त्यानं मोटरीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केलं, "मोटार हवा खातंय."

"म्हणजे?"

"पानी नाय, हवा खातंय. वॉल बदलायला लागंल."

व्हॉल्व्ह बदलला. आवाज राहिला. बुधाजीनं पाइप बदलला. आवाज राहिला. मग टाकीत काही अडकलं असेल म्हणून टाकी रिकामी केली. दिवसभर नळाला पाणी नाही, लोक बादल्या घेऊन एकमेकांच्या दारात. ज्याचा त्याचा सल्ला होता. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, लिफ्टचं बेअरिंग. दुसरे म्हणाले, बिल्डरनं पाया कच्चा ठेवलाय, बिल्डिंग कण्हतेय. हे ऐकून दोन घरांतल्या बायका मुलांना घेऊन माहेरी जायच्या गोष्टी करू लागल्या. तातडीची सभा झाली. त्या सभेत उभं राहून मी ठणकावून सांगितलं, "याला जबाबदार कोणीही असो, त्याची गय होता कामा नये!" वाक्य जोरदार होतं. आवाजही खर्जातला लागला होता. धर्मेशभाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिल्यासारखं मला वाटलं.

दुसऱ्या दुपारी दाराची बेल वाजली. खालच्या फ्लॅटमधली रिद्धी. घरून कॉम्प्युटरवर नोकरी करते, गळ्यात कायम हेडफोन. आज ती चाचरत होती.

"काका, डिस्टर्ब तो नहीं किया? एक विचारायचं होतं. तो आवाज ना, माझ्या सीलिंगमधून येतो. मतलब तुमच्या बेडरूममधून." मग घाईघाईनं, "मम्मी बोलली, काका एकटे असतात, काही मशीन वगैरे लावलं असेल. ऑक्सिजनचं. जाऊन विचारून ये, काही लागतं का."

मला आधी काही कळेचना. मग कळलं.

"मशीन नाही," मी म्हणालो. "मी गातो."

"गाता?" तिनं हेडफोन काढून हातात घेतले. "ओह! कौनसा गाना?"

आता अब्रूचा प्रश्न होता. मी तिला आत बसवलं आणि एकशे बाराचं पहिलं कडवं बेसमध्ये म्हणून दाखवलं. तिनं सगळा चेहरा एकवटून ऐकलं. कडवं संपल्यावरही ती तशीच वाट बघत बसली.

"मस्त आहे, काका," ती म्हणाली. "पण गाणं सुरू कधी होतं?"

"झालं की."

"नाही, म्हणजे... ट्यून?"

"चाल माझ्याकडे नसते. चाल हैदराबादला असते."

तिला वाटलं मी विनोद केला. हसून, 'काही लागलं तर सांगा' म्हणून ती गेली. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर धर्मेशभाईंचा मेसेज होता: 'मोटरचा विषय क्लोज. सर्वांनी रणपिसे काकांना समजून घ्यावे.' खाली हात जोडलेली चित्रं आली, एकामागून एक. त्या दिवसापासून जिन्यात लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. एका घरून वाटीभर शिरा आला. रागावले असते तर बरं झालं असतं.

चाल हैदराबादला होती हे मात्र खरं. आमची मुलगी जिज्ञासा तिथं असते. तिच्या बाळंतपणाला म्हणून रंजना गेली. ती नात आता दाराची कडी काढते. मध्ये मुलीची रजा संपली, मग पाळणाघर पसंत पडेना, मग आणखी काही. प्रत्येक कारण योग्य होतं. योग्य कारणांविरुद्ध तक्रार कुठं करतात, मला माहीत नाही. जिज्ञासा म्हणते, "बाबा, तुम्हीच या ना इकडे." मी सांगतो, "मंडळीत बेस कोण म्हणेल?" ती विषय बदलते. मुलगी माझीच; सभ्य आहे.

मी रंजनाला फोन केला. तिकडून कुकरची शिट्टी, नातीचा आवाज, त्यामागे कुठलं तरी गाणं.

"वर्धापनदिनाला एकशे बारा घेतायत," मी म्हणालो. "चार आवाजांत. सोप्रानोची जागा रिकामी आहे. माझ्यासाठी नाही म्हणत मी. मंडळीची गरज आहे."

"अगंबाई, एकशे बारा!" ती म्हणाली. "किती दिवसांत म्हटलं नाही हो. इथल्या चर्चमध्ये सगळी नवीन गाणी. मला आवडतात पण. उभं राहून टाळ्या वाजवल्या की गुडघे मोकळे होतात."

सत्तेचाळीस नंबरच्या गीतात एक सूर चुकला म्हणून दोन दिवस जेवली नव्हती ती ही बाई. गुडघे मोकळे होतात!

"मग येतेस?"

"बघते."

आमच्या घरात 'बघते' म्हणजे 'नाही', फक्त भांडण वजा जाता. तरी मी दुसऱ्या दिवशी पडदे धुवायला काढले.

आता आल्टो. अंजनीबाई उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहतात. खाली सुनेचं लेस-बटणांचं दुकान, वर घर. त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय, हे मला तिथं जाऊन कळलं. मी खाली दुकानात उभा राहून 'एकशे बारा' असं ओरडत होतो आणि त्या वरून विचारत होत्या, "किती मीटर?"

शेजारच्या दुकानातले सिंधी शेठ बाहेर आले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "साईं, इतना टेन्शन क्यों? ट्रॅक पे गाओ. माइकवाला स्पीकर है मेरे पास, ब्लूटूथ. उसमें चारों आवाज अकेले बंदे के निकलते हैं."

"चार आवाजांना चार माणसं लागतात, शेठ."

"आजकल किधर मिलते हैं चार आदमी," ते म्हणाले आणि आत जाऊन गिऱ्हाईक बघू लागले.

शेवटी सुनेनं बिलाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात '११२, आल्टो' लिहून सासूबाईंपुढे धरलं. अंजनीबाईंनी चष्मा सारखा केला, वाचलं, आणि तिथंच पलंगावर बसल्या बसल्या डोळे मिटून सुरुवात केली. सूर जागेवर होता. सगळी कडवी पाठ. मी बेस लावला, पण तो त्यांना ऐकू येत नव्हता; त्या आपल्या आपल्याच वेगानं पुढे गेल्या आणि मी त्यांच्या मागून धावलो. गीत संपल्यावर डोळे उघडून त्या म्हणाल्या, "तुम्ही का नाही म्हटलं?"

टेनर राहिला. टेनर म्हणजे जयदेव. शहाडच्या कारखान्यातून रिटायर झालेला, माझा जुना मित्र आणि आता शत्रूच्या गोटातला माणूस. या वयात टी-शर्ट घालून तो वर्शिप टीममध्ये अंड्याच्या आकाराचा एक खुळखुळा वाजवतो. मी तीन वर्षं त्याच्याशी फक्त चर्चच्या दारातल्या 'सलाम'पुरता बोलत होतो. आता पाय ओढत गेलो.

"म्हणतो की टेनर," तो लगेच म्हणाला. "पण मधु, तू माझ्यावर एवढा का फुगलास, ते तरी सांग."

"तू तिकडे गेलास."

"अरे, गायनमंडळ बंद पडलं तेव्हा तू घरी जाऊन बसलास. मी पण बसलो होतो महिनाभर. भिंतीकडे बघत. मग वर्शिप टीमच्या त्या करणनं विचारलं, अंकल, येता का. गेलो. प्रॅक्टिसनंतर वडापाव असतो. कुणीतरी सांगतं, अंकल, उद्या या. मला त्या खुळखुळ्याचं काय कौतुक असणार?" मग तो हसला. "तुला पण देऊ का एक?"

मी नाही म्हणालो. पण त्या दिवशी त्याच्याकडे चहा घेतला, दोनदा.

वर्धापनदिनाच्या सकाळी सव्वाआठला रंजनाचा मेसेज आला. नातीला ताप आहे, येणं जमत नाही, गाऊन घ्या. मी मेसेज वाचला. तापाला नाव ठेवता येत नाही. ती तिकीट काढणार होती की नाही, हे मी विचारलं नाही. धुतलेले पडदे लावून, इस्त्रीचा कोट घालून अंबरनाथला गेलो.

चर्चमध्ये गर्दी होती. नंतर प्रीतिभोजन होतं. मी राजेशसाहेबांना एका बाजूला घेऊन सांगितलं, "सोप्रानो आली नाही. रद्द करा."

"काका, रद्द कशाला? करण चाल कीबोर्डवर वाजवेल. काय करण?"

करण म्हणजे वर्शिप टीमचा पुढारी. गुणी पोरगा. मीच आतापर्यंत त्याच्याशी बोललो नव्हतो. तो म्हणाला, "हो ना, अंकल. मी यूट्यूबवरून ऐकून ठेवलंय. डोन्ट वरी."

आम्ही तिघं पुढे उभे राहिलो. अंजनीबाई मध्ये, जयदेव टी-शर्टवर कोट घालून, आणि मी. करणनं सूर दिला. त्याआधी झालेल्या गाण्यासाठी कीबोर्डचा सूर त्यानं खाली उतरवलेला होता, तो परत चढवायचा राहिला. पहिली ओळ जमिनीलगत गेली. दुसरी तळघरात. तिसऱ्या ओळीत बेस आणखी खाली उतरतो, हे मी सांगितलंच आहे. मी उतरलो, आणि तिथं आवाजच नव्हता, नुसता वारा. करणच्या ते लक्षात आलं. त्यानं घाईनं एक बटण दाबलं आणि ते दुसरंच निघालं. कीबोर्ड आपणहून ढिंक-चिक, ढिंक-चिक करू लागला. मंडळीला वाटलं, आता खरं सुरू झालं. लोक मायेनं टाळ्यांचा ठेका धरू लागले. जयदेवचा हात, मला वाटतं त्याच्या नकळत, खिशात गेला आणि खुळखुळा बाहेर आला.

मी थांबलो. मान खाली घालून बुटांकडे पाहत राहिलो. करणनं शेवटी प्लगच ओढला. ढिंक-चिक बंद, टाळ्या बंद, जयदेव बंद.

अंजनीबाई मात्र चालू होत्या. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या मते आम्ही चौघं गात होतो. स्वच्छ, संथ आल्टो. आजूबाजूला कुणी नाही. त्या दुसऱ्या कडव्यात गेल्या. चर्चमध्ये कुणी हललं नाही. एखादा माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत असावा आणि आपण दारात उभे असावं, तसं झालं.

मग मी त्यांच्याखाली बेस धरला. दुसरं काही येत नाही मला. जयदेवचा टेनर दोन ओळी लागला, मग तो थांबून रुमाल शोधू लागला. आम्ही दोघांनीच चारही कडवी म्हटली. वर आल्टो, खाली बेस. चाल नव्हती. जिथं चाल असायची तिथं रिकामी जागा होती, आणि ती किती मोठी आहे ते मला त्या दिवशी कळलं.

आमेन झालं. अंजनीबाईंनी डोळे उघडले आणि समाधानानं माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "आज चौघंही छान लागले."

जेवणाच्या पंगतीत लोक येऊन हात मिळवत होते. राजेशसाहेब म्हणाले, "काका, फार वेगळं वाटलं." एक बाई म्हणाल्या, "छान होतं, पण गीत कोणतं होतं हो?" करणनं बिर्याणीची प्लेट आणून दिली आणि तीनदा सॉरी म्हणाला. मी म्हटलं, होतं असं. जयदेव मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. वाटेत आम्ही मुद्दाम दुसरंच काहीतरी बोललो, गुडघ्यांबद्दल.

घरी येऊन कोट काढतोय तोच रंजनाचा फोन.

"ताप कसा आहे?"

"उतरला. झोपलीय. कसं झालं तुमचं?"

"छान झालं," मी म्हणालो.

तिनं तिकडे कशावर तरी झाकण ठेवलं. मग म्हणाली, "अंजनीबाईंच्या सुनेनं व्हिडिओ पाठवला."

मी पलंगावर बसलो. धुतलेले पडदे हलत होते.

"सगळा बघितलास?"

"सगळा. दोनदा. पहिल्यांदा हसू आवरेना, त्या ढिंक-चिकला. मग पुढचं ऐकलं. पोळ्या करत होते. फोन डब्याला टेकवून ठेवला आणि मध्ये माझं म्हटलं."

"काय म्हटलंस?"

"सोप्रानो. दुसरं काय म्हणणार? शब्द आठवत होते सगळे. तुम्ही दोघं होताच खाली. चारही कडवी झाली."

म्हणजे एकशे बारा नंबर झाला होता. हैदराबादच्या एका स्वयंपाकघरात, सोप्रानो, आल्टो आणि बेस. फक्त ऐकायला मी तिथं नव्हतो.

"कसं झालं?" मी विचारलं.

"दुसऱ्या कडव्यात तुम्ही घाई करता. पहिल्यापासूनच करता."

"मग रेकॉर्ड का नाही केलंस?"

"हात पिठाचे होते, अहो." आणि लगेच, "थांबा हं, तव्यावर आहे." तिनं फोन बाजूला ठेवला, बंद केला नाही.

मी कानाला धरून बसलो. पलीकडे पोळी उलटल्याचा आवाज, चिमटा, डब्याचं झाकण. ती काहीतरी गुणगुणत होती. मी श्वास रोखून ऐकलं. एकशे बारा नव्हतं. ते तिकडचं, टाळ्या वाजवायचं, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायचं गाणं होतं. बेताचीच चाल. तरी तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मी खाली एक सूर धरून पाहिला.

बसला.